थरथरत्या फळीवरचा व्यायाम

'व्यायाम' ह्या शब्दाच्या मुळाशी ताणण्याचा आणि श्रम करण्याचा अर्थ आहे. जोर, बैठका, नमस्कार, मल्लखांब, ह्यांपैकी कोणताही प्रकार घेतला तरी श्रम करणारा आणि त्या श्रमाचे फळ घेणारा एकच असतो. हे श्रम दुसऱ्याकडून करवून घेता येत नाहीत, अशीच आजवर आपली समजूत होती. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र व्यायामशाळांतून, ब्यूटी पार्लरांतून आणि आता घरांतूनही एक असे यंत्र आले आहे, की ज्याच्या फळीवर माणसाने गुडघे किंचित वाकवून उभे राहावयाचे आणि हलण्याचे काम फळीने करावयाचे. बटण दाबले की फळी सेकंदास वीस, तीस, चाळीस वेळा थरथरू लागते. ती थरथर तळपायांतून पोटऱ्यांत, मांड्यांत आणि कमरेत चढते. गुडघे ताठ ठेवले तर थेट दातांपर्यंत पोचते. दहा मिनिटांनी माणूस खाली उतरतो तेव्हा पाय जड झालेले असतात, पोटऱ्यांना थोडी खाज सुटलेली असते, आणि आपण आज काही तरी केले असे समाधान वाटत असते. ही दहा मिनिटे म्हणजे तासाभराचा व्यायाम, असे जाहिरातदार सांगतात. चरबी झडते, हाडे भरतात, तोल सुधारतो, असेही सांगतात.

दुकानात ह्या यंत्राला व्हायब्रेशन प्लेट म्हणतात. आपण त्याला कंपनफलक म्हणू. त्याच्याविषयी जे सांगितले जाते त्यातले खरे किती, एवढेच मला आज श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे. प्रश्न निव्वळ कुतूहलाचा असता तर त्यासाठी आपला वेळ घेतला नसता. परंतु ज्या घरात साठी उलटलेली आई आहे, आणि तिची हाडे ठिसूळ होऊ लागली आहेत असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्या घरातील कर्तबगार मुलगा हप्त्याने हे यंत्र विकत आणतो आणि यंत्र आले म्हणून आईचे सकाळचे फिरणे बंद होते. अशा घरात यंत्राची किंमत पैशांत मोजून भागत नाही.

कल्पना मात्र वाटते तेवढी नवी नाही. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ झां-मार्तँ शार्को ह्यांच्या असे ध्यानात आले होते, की कंपवाताचे रोगी आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आले की त्यांना काही काळ बरे वाटते. ज्या हादऱ्यांनी धडधाकट माणूस आंबून जातो त्याच हादऱ्यांनी ह्या रोग्यांचे अंग सुटे होत असे. शार्कोंनी मग एक थरथरणारी खुर्ची करविली आणि १८९२ साली तिच्यावर व्याख्यान दिले. दुसऱ्याच वर्षी ते वारले आणि खुर्ची मागे पडली. गंमत अशी, की १२० वर्षांनी, २०१२ साली, शिकागो येथील संशोधकांनी हाच प्रयोग नव्या कसोटीवर पुन्हा करून पाहिला. काही रोगी थरथरणाऱ्या खुर्चीत बसविले, काही तशाच पण स्थिर खुर्चीत. महिन्याभराने दोन्ही गटांना बरे वाटू लागले, आणि दोघांना सारखेच वाटू लागले. म्हणजे आराम खरा होता, पण तो कंपनाचा नसावा. रोज शांतपणे बसण्याचा आणि कोणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे ह्या जाणिवेचा असावा. कंपनफलकाच्या सगळ्या कथेत ही स्थिर खुर्ची आपल्याला जवळ ठेवावी लागेल.

शार्कोंच्या आधी स्टॉकहोममध्ये गुस्ताफ झांडर ह्यांनी व्यायामाची यंत्रे भरलेली संस्था १८६५ साली काढली होती. चोळणारी, थोपटणारी, हलविणारी अशी नाना यंत्रे तेथे होती आणि पुढे युरोप-अमेरिकेतील आरोग्यधामांत ती पसरली. अमेरिकेतील बॅटल क्रीक येथील डॉ. केलॉग, म्हणजे न्याहारीच्या मक्याच्या लाह्यांमुळे ज्यांचे आडनाव आज घरोघरी पोचले आहे तेच, ह्यांच्याही आरोग्यधामात कंपनाच्या खुर्च्या होत्या. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेत विजेचा घोडा होता आणि विजेचा उंटही होता. अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज ह्यांनी व्हाइट हाउसमध्ये असाच एक यांत्रिक घोडा ठेवला होता. खरा घोडा परवडत नव्हता अशातला भाग नव्हता! श्रम न करता श्रमाचे फळ मिळावे ही इच्छा जुनीच आहे. प्रत्येक पिढी तिला आपापल्या काळातले इंजिन जोडते, इतकेच.

आजच्या कंपनफलकाचा वंश मात्र थोडा वेगळा आहे. सोव्हिएत संघातील व्लादिमीर नाझारोव ह्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेळाडूंच्या स्नायूंना कंपन देऊन त्यांची ताकद आणि लवचीकपणा वाढतो का ह्याचा अभ्यास केला. त्यावरून पुढे असा बोलबाला झाला, की रशियन अंतराळवीर शेकडो दिवस अंतराळात राहू शकले ते कंपनाच्या जोरावर. जाहिरातींत हे वाक्य अजून वाचावयास मिळते. व्हालेरी पॉल्याकोव्ह हे १९९४-९५ मध्ये 'मीर' स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले हे खरे आहे. परंतु तेथे त्यांना तगविले ते धावपट्टीने, सायकलीने आणि रोजच्या नेमाने. आजही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील प्रवासी दिवसाकाठी सुमारे दोन तास व्यायामात घालवितात, आणि तो धावण्याचा, सायकलीचा आणि ओझे उचलल्यासारखा ताण देणाऱ्या यंत्रावरचा असतो. वजनरहित अवस्थेत कमरेच्या हाडांतील खनिज महिन्याला एक ते दीड टक्क्याने कमी होते. अशा माणसांना दहा मिनिटे फळीवर उभे राहून भागले असते, तर दोन तास कोणी घाम गाळला असता?

आता फळीवर उभे राहिल्यावर शरीरात काय घडते ते पाहू. डॉक्टर गुडघ्याखाली लहानशी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. स्नायूंत सुतकताईच्या चातीसारख्या आकाराची सूक्ष्म ज्ञानेंद्रिये असतात. स्नायू एकाएकी ताणला गेला की ती मज्जारज्जूला वर्दी देतात, आणि मेंदूला विचारीत न बसता मज्जारज्जू स्नायूला आखडण्याची आज्ञा देतो. कंपनफलक हीच हातोडी सेकंदास तीस वेळा मारतो. कंपनाने स्नायू आपोआप आखडतो ही गोष्ट स्वीडनमधील एकलुंड आणि हागबार्थ ह्यांनी १९६६ साली नीट वर्णन करून ठेवली आहे. तेव्हा फळीवर उभा असलेला माणूस काहीच करीत नाही हे म्हणणे अगदी बरोबर नाही. त्याचे स्नायू काम करीत असतात. फक्त त्या कामाचा हुकूम त्याच्या मनाने सोडलेला नसतो.

हे काम किती होते, ह्याचेही मापन झाले आहे. अर्ध्या बैठकीत फळीवर उभे राहिलेल्या माणसाला जेवढा प्राणवायू लागतो तेवढा मध्यम गतीने चालणाऱ्यालाही लागतो. तासाभराच्या व्यायामाची बरोबरी करणारी दहा मिनिटे ती हीच! चरबी झडण्याची गोष्ट येथेच संपते, असे मी म्हणेन. दहा मिनिटांच्या फेरफटक्याने पोट उतरत नाही, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे.

ताकदीच्या बाबतीत मात्र यंत्राला न्याय दिला पाहिजे. बेल्जियममधील लूव्हँ येथे २००३ साली व्यायामाची सवय नसलेल्या तरुण स्त्रियांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाने कंपनफलकावर बैठका घातल्या, दुसऱ्याने वजनाच्या यंत्रांवर व्यायाम केला, आणि तिसऱ्याने तशाच फळीवर तेच व्यायाम केले, फक्त त्या फळीचे कंपन नावापुरते होते. ही आपली स्थिर खुर्चीच. पहिल्या दोन्ही गटांत मांडीच्या पुढल्या स्नायूंची ताकद पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढली. तिसऱ्यात म्हणण्यासारखी वाढली नाही. म्हणजे कंपनाला काही गुण निश्चित आहे. परंतु लक्षात घ्यावे, की ह्या स्त्रिया फळीवर नुसत्या उभ्या नव्हत्या, त्या बैठका घालीत होत्या; आणि फळीने त्यांना जे दिले ते साध्या वजनाच्या व्यायामानेही दिले होते.

हाडांची कथा अधिक मनोवेधक आहे, आणि अधिक दुःखदही. हाड ही मेलेली वस्तू नाही. त्याच्यावर जसा भार पडतो तसे ते स्वतःला घडविते, हा सिद्धान्त जर्मन शल्यवैद्य यूलियुस वोल्फ ह्यांनी १८९२ साली मांडला. टेनिस खेळणाऱ्याच्या ज्या हातात रॅकेट असते त्या हाताचे हाड दुसऱ्यापेक्षा जाड असते, ते ह्यामुळेच. न्यूयॉर्क राज्यातील क्लिंटन रुबिन ह्यांच्या मनात असे आले, की हाडाला मोठे धक्केच लागतात असे कशावरून? उभे राहताना आपले स्नायू सतत बारीक थरथरत असतात. कदाचित ती बारीक थरथरच हाडाचे अन्न असेल. त्यांनी मेंढ्यांचे मागले पाय रोज वीस मिनिटे एका फळीवर ठेवले. फळी सेकंदास तीस वेळा हलत होती, पण इतकी हळुवार, की तिचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या तीन-दशांशच होता. वर्षाने पाहिले तो मांडीच्या हाडाच्या वरच्या भागातील जाळीदार हाड ३४ टक्क्यांनी घट्ट झालेले! २००१ साली हा निष्कर्ष 'नेचर' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हाताऱ्या माणसांचे खुब्याचे हाड नेमके तेथेच मोडते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या बातमीने केवढी आशा निर्माण केली असेल ह्याची कल्पना येईल. चालता न येणाऱ्या, जोर-बैठकांची शक्ती नसलेल्या वृद्धेने नुसते वीस मिनिटे उभे राहावे आणि तिचे हाड भरून यावे, ह्याहून अधिक काय हवे?

त्यानंतर माणसांवर प्रयोग झाले. टोरांटो येथे रजोनिवृत्ती होऊन गेलेल्या २०२ स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. काहींनी सेकंदास तीस, काहींनी नव्वद कंपनांच्या फळीवर रोज वीस मिनिटे उभे राहावयाचे, आणि काहींना फळीच नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मात्र सर्वांना. २०११ साली निकाल लागला: हाडांच्या घनतेत काही फरक नाही. अमेरिकेतील बॉस्टनच्या परिसरात सरासरी ८२ वर्षांच्या १७४ वृद्धांना दोन वर्षे रोज दहा मिनिटे अशाच हळुवार फळीवर उभे केले गेले. २०१५ चा हा निकालही तोच. लूव्हँच्या त्याच प्रयोगशाळेत २००४ साली जोरकस फळीवर बैठका घालणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याची घनता सहा महिन्यांत वाढली होती. पण ती एका टक्क्याहूनही कमी. मेंढीचे चौतीस टक्के माणसापर्यंत पोचले नाहीत. का पोचले नाहीत, ह्याची निरनिराळी उत्तरे दिली जातात. माणसाच्या दोन पायांतून वर जाताना कंपन विरून जाते हे त्यांतले एक आहे आणि मला ते पटण्यासारखे वाटते. जाहिरातींत मात्र ती मेंढी अजून जिवंत आहे.

आपल्याकडे अशा दाव्यांची तपासणी करण्याची परंपरा नाही, असे मानण्याचे कारण नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे ह्यांनी, १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले. योगक्रियांविषयी जे परंपरेने सांगितले जाते ते मानण्यापूर्वी त्यांनी क्ष-किरणांची चित्रे काढली, नौली करणाऱ्याच्या पोटातील दाब दाबमापकाने मोजला, आणि आलेले आकडे 'योगमीमांसा' ह्या आपल्या त्रैमासिकात छापले. आपल्या घरच्या, पूज्य मानलेल्या विद्येला ज्यांनी दाबमापक लावला, त्यांच्या देशात परदेशी फळीला साधा प्रश्न विचारावयास संकोच कशाचा?

तो साधा प्रश्न असा: ही फळी किती हलते आणि किती जोराने? औषध विकत घेताना आपण मात्रा विचारतो. कंपनालाही मात्रा असते. काळी एक ह्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारे ६९ वेळा कंप पावते. कंपनफलक त्याच्याही खाली एका सप्तकाहून अधिक, म्हणजे तिसाच्या आसपास असतो. पण सगळे काही सेकंदाच्या संख्येवर नसते. फळी मध्यापासून वर-खाली किती सरकते ह्यावरही असते. रुबिन ह्यांची फळी एका बाजूस मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीइतकी सरकत असे. बाजारातील कित्येक फळ्या त्याच तीस कंपनांना दोन दोन मिलिमीटर सरकतात. हिशेब केला तर त्यांचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सात पटींहून अधिक येतो, म्हणजे मेंढीच्या फळीच्या वीस पटींपेक्षा जास्त. शिवाय कंपनांची संख्या दुप्पट केली की जोर चौपट होतो. म्हणजे हाडांचा पुरावा एका यंत्राचा आणि विक्री दुसऱ्याच यंत्राची, असा हा व्यवहार आहे. दोन्हींचे नाव एकच असल्यामुळे ग्राहकाला हे कळत नाही, आणि विक्रेत्यालाही बहुधा कळत नसते.

जोरकस फळी सर्वांसाठी नाही. गरोदर स्त्रिया, नुकतेच हाड मोडलेले किंवा शस्त्रक्रिया झालेले रोगी, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असलेले, मूत्रपिंडात किंवा पित्ताशयात खडे असलेले, डोळ्याच्या पडद्याचा विकार असलेले, हृदयाला पेसमेकर बसविलेले, फेफऱ्याचा त्रास असलेले, ह्या सर्वांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज तिच्यावर पाऊल ठेवू नये. गरोदर बाईने खडखडत्या गाडीत बसू नये, असे आपल्या आज्या सांगत आल्या, ते काही उगाच नव्हे. ज्याला चढावयाचेच असेल त्याने गुडघे वाकलेले ठेवावेत, टाचांवर भार देऊ नये, आणि वेळ थोडा ठेवावा. ज्यांना दुखण्यामुळे दुसरा व्यायाम करताच येत नाही अशांना, जाणकार फिजिओथेरपिस्ट जवळ उभा असताना, ही फळी उपयोगी पडते, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या आईसाठी मुलाने यंत्र आणावयाचे ठरविले आहे, तिच्या खुब्याचे हाड मोडते ते बहुतेक वेळा पडल्यामुळे. आणि पडणे टाळण्याचा उपाय आपल्याला माहीत आहे. २०१९ साली जगभरच्या शंभरांहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तोल सांभाळण्याचे आणि पायांची ताकद वाढविण्याचे साधे व्यायाम नेमाने करणाऱ्या वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटलेले दिसले. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीपाशी एका पायावर उभे राहणे, ह्यांना वीजही लागत नाही आणि हप्ताही भरावा लागत नाही. न्हाणीघरातील ओली फरशी कोरडी ठेवणे हा व्यायाम नव्हे, पण त्याचेही काम तेच.

आता ह्याच कंपनाची दुसरी बाजू. म्हैसूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर टी. नरसीपूर नावाचे तालुक्याचे गाव आहे. पूर्ण नाव तिरुमकूडलु नरसीपूर. कावेरी आणि कपिला, म्हणजेच काबिनी, ह्यांचा येथे संगम होतो आणि स्फटिक सरोवर हा तिसरा गुप्त प्रवाह त्यांना मिळतो अशी श्रद्धा आहे. संगमावर गुंजा नरसिंहस्वामीचे देऊळ आहे. १९८९ पासून येथे दक्षिणेचा कुंभमेळा भरू लागला, आणि अलीकडचा मेळा २०२५ च्या फेब्रुवारीत झाला. सोमनाथपूरचे १२५८ चे होयसळ मंदिर पाहावयास जाणारे आपल्याकडील प्रवासी ह्याच तालुक्यात येतात. पण गाव सहसा गाडीच्या खिडकीतूनच पाहतात. सरकारी कामानिमित्त मला तेथे काही दिवस राहण्याचा योग आला. बाजारातील एका व्यायामशाळेत नवा कंपनफलक आलेला होता. कानडीतही कंपनाला 'कंपन'च म्हणतात, त्यामुळे व्यवस्थापकाने तो मला समजावून देण्यास काही अडचण पडली नाही. संध्याकाळी दुकानदार आणि कारकून मंडळी ओळीने त्यावर उभी राहत असत.

त्याच रस्त्यावरून, कोळ्ळेगालच्या दिशेने, उसाच्या आणि भाताच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असे. नद्यांच्या आणि कालव्यांच्या पाण्याने हा प्रदेश भाताचा झालेला आहे. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची चाके लावून चालक पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत शेतात असतो, आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना तीच चाके कडक वाटेवरून खडखडत नेतो. बसलेल्या माणसाचे धड सेकंदास चार ते सहा कंपनांना सर्वांत अधिक हेलकावते. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसे. व्यायामशाळेतील फळी ह्या पट्टीच्या पुष्कळ वर असते, म्हणून वाकलेले गुडघे तिला बऱ्याच अंशी शोषून घेतात. ट्रॅक्टर मात्र नेमका ह्याच पट्टीत हलतो, आणि बसलेल्या माणसाचा पाठकणा थेट आसनावर टेकलेला असतो. मध्ये गुडघे नाहीत. वर्षानुवर्षे ट्रॅक्टर किंवा ट्रक चालविणाऱ्यांमध्ये कंबरदुखी अधिक आढळते, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुनःपुन्हा दिसून आले आहे.

म्हणूनच युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी कंपनाची मर्यादा कायद्याने घातली. आठ तासांच्या दिवसाला दर सेकंद-वर्गास अर्धा मीटर एवढे कंपन झाले की मालकाने उपाय योजावेत, आणि १.१५ मीटरच्या पुढे कामगाराला नेऊच नये. चांगल्या रस्त्यावरील मोटार ह्याच्या आत राहते; शेतातील ट्रॅक्टर पहिली रेघ सहज ओलांडतो. मी उत्सुकतेपोटी वर सांगितलेल्या जोरकस फळीचाही हिशेब ह्या मापाने करून पाहिला. दहाच मिनिटांत ती दिवसाची वरची मर्यादा दुपटीहून अधिक ओलांडते. हे माप वाकलेल्या गुडघ्यांच्या माणसासाठी केलेले नाही, त्यामुळे तुलना पुरती न्याय्य नाही, हे मान्य. तरी एवढे खरे, की एकाच्या बाबतीत ज्या गोष्टीला आपण धोका म्हणून कायद्यात बसवितो, तिचीच दुसऱ्याला वर्गणी आकारतो.

नरसीपुरात पाच-सहा ट्रॅक्टरचालकांशी बोलणे झाले. कंबर सगळ्यांचीच धरत होती. कंपनाला कारण मानणारा एकच निघाला, बाकीच्यांनी वयाला आणि थंडीला दोष दिला. त्यांतील एकजण संध्याकाळी त्या व्यायामशाळेत जाऊन फळीवर उभा राहून आला होता. तिथे काय वाटले असे विचारले, तर हसून म्हणाला, "दिवसभर हेच तर चाललेले असते, साहेब."

ह्या चालकांसाठी जे करता येते ते फार खर्चाचे नाही. चाकांतील हवा शेतात कमी आणि रस्त्यावर योग्य ठेवणे, लोखंडी चाकांनी कडक वाटेवर हळू जाणे, दर तास-दीड तासाने उतरून चार पावले चालणे, आणि उतरल्याबरोबर जड पोती न उचलणे. कारण हादऱ्यांनी शिणलेली पाठ त्या वेळी सर्वांत दुबळी असते. नव्या ट्रॅक्टरांपैकी बऱ्याच ट्रॅक्टरांच्या आसनाखाली स्प्रिंग असते आणि चालकाच्या वजनाप्रमाणे ती कमी-जास्त ताणण्यासाठी एक मूठ किंवा दांडी असते. पन्नास किलोचा मुलगा ऐंशी किलोसाठी लावलेल्या आसनावर बसला की ती स्प्रिंग दबतच नाही, आणि सगळा हादरा त्याच्या कण्यात जातो. मी पाहिलेल्या ट्रॅक्टरांत दोघांच्या आसनाखाली अशी मूठ होती. चालकांनी आसनावर गोणपाटाची चौघडी घातलेली होती, आणि मूठ कारखान्यातून आली तशीच होती. तिच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदही निघालेला नव्हता.